घराचा नकाशा काढायला कुठे शिकावे

दहावीचा निकाल लागला की ज्या मुलामुलींचा चित्रकलेत हात बरा आहे आणि ज्यांना भूमितीची भीती वाटत नाही, त्यांच्यासाठी घरात एक सूचना हमखास पुढे येते: ड्राफ्ट्समन हो, घरांचे नकाशे काढ. त्यापुढे वाटा फुटतात. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनात स्थापत्याची तीन वर्षांची पदविका आहे. बारावीनंतर नाटा देऊन पाच वर्षांचे बी. आर्क. करता येते. आणि जवळपास प्रत्येक मोठ्या गावात बसस्थानकाच्या आसपास, कुठल्या तरी इमारतीच्या वरच्या मजल्यावर, काही आठवड्यांत ऑटोकॅड, रेव्हिट आणि स्केचअप शिकवणारा क्लास आहे. या चारही वाटांनी आलेली माणसे पुढे एकाच प्रकारच्या कामाला लागतात. कुणाची तरी आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या घरात जाणार आहे, त्या घराचे कागद ती तयार करतात. त्यामुळे हे शिक्षण कसे द्यावे याचा विचार विद्यार्थ्याच्या नोकरीइतकाच त्या घरात राहणाऱ्यांच्या बाजूनेही व्हायला हवा.

या शिक्षणाबद्दल सध्या एकच वाद मोठ्याने ऐकू येतो. नकाशा आधी हाताने शिकवावा की थेट संगणकावर? जुने लोक म्हणतात, ज्याने टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर धरला नाही त्याला रेघेची किंमत कळत नाही. नवे लोक म्हणतात, ज्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डच उरलेला नाही, तिथे जायला निघालेल्या मुलाला बोर्डावर बसवून त्याचे वर्ष का घालवता? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही घरांच्या नकाशांत ज्या चुका वारंवार होतात त्यांकडे पाहिले, तर त्यांचे मूळ या वादाच्या पलीकडे असल्याचे दिसते. तिथे पोचण्याआधी दोन्ही बाजू नीट ऐकल्या पाहिजेत.

संगणकाची बाजू आधी घेऊ, कारण ती पुष्कळदा हलक्या आवाजात मांडली जाते. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले आणि पुढच्या दीड-दोन दशकांत आपल्याकडच्या ऑफिसांतून ट्रेसिंग पेपर हद्दपार झाला. तो का झाला हे ज्यांनी ट्रेसिंगवर काम केले त्यांना ठाऊक आहे. मालकाने एक भिंत अर्धा फूट सरकवायला सांगितली की शाईची रेघ ब्लेडने खरवडायची, कागद खरबरीत झाला की शाई पसरायची, फाटला की सगळी शीट नव्याने काढायची आणि पुन्हा अमोनियाच्या वासात प्रिंट काढून आणायच्या. दुरुस्ती इतकी महाग असली की माणूस दुरुस्तीच टाळतो. चौथ्या वेळेस ‘हे स्वयंपाकघर बदलून बघू का’ असे विचारणारा मालक नकोसा होतो, आणि बदलायला हवे असलेले घर तसेच बांधले जाते. संगणकाने ही भीती घालवली. हा घर बांधणाऱ्याचा थेट फायदा आहे.

दुसरा फायदा शिकणाऱ्यांचा. स्वच्छ रेघ, एकसारखी जाडी आणि सुबक अक्षर यांना जुन्या वर्गात इतके वजन होते, की इमारत उत्तम समजणारा पण हात थरथरणारा विद्यार्थी मागे पडायचा. रेघ मारण्याचे कौशल्य म्हणजेच समज, असेही नव्हते. सरकारी खात्यांत अनुरेखक नावाचे पदच होते. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून तो जसाच्या तसा गिरवणे हे त्या माणसाचे काम. त्यात काही जण पाहून पाहून तरबेज झाले, पण काही जणांनी सगळी नोकरी गिरवण्यातच काढली. हाताने काम केले म्हणजे आपोआप डोके चालते, हा समज तिथेच खोटा पडतो.

तिसरी गोष्ट तांत्रिक आहे आणि माझ्या मते सर्वांत भक्कम. रेव्हिटसारख्या प्रणालीत रेघा नसतात, तिथे भिंत ही भिंत असते. प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की सेक्शनमध्ये आणि एलिव्हेशनमध्येही ती सरकते. सुटे सुटे काढलेल्या नकाशांत एका शीटवर खिडकी चार फुटांची आणि दुसऱ्या शीटवर पाच फुटांची राहते. गवंडी ज्या शीटवर त्याचा हात आधी पडेल ती खरी मानतो. मग फोडाफोड होते, आणि तिचा खर्च मालकाच्या माथी बसतो. शिवाय आता नगरपालिका आणि महापालिकांत मंजुरीसाठी डिजिटल फाइल द्यावी लागते. प्लॉटची हद्द, बांधकाम क्षेत्र, पार्किंग हे सगळे ठरलेल्या लेअरवर असेल तरच तपासणीची प्रणाली ते वाचते. हाताने काढलेली देखणी शीट त्या खिडकीवर निरुपयोगी आहे. दोन वर्षांत कमवायला लागणे ज्या घराची गरज आहे, तिथल्या मुलीला हे न शिकवता बाहेर पाठवणे हा तिच्यावर अन्याय होईल.

आता हाताची बाजू. तिच्यातला आठवणींचा उमाळा बाजूला ठेवला तरी दोन मुद्दे उरतात.

पहिला मापाच्या प्रमाणाचा. पडद्यावर सगळे खऱ्या मापात काढले जाते आणि चाक फिरवले की जवळ किंवा दूर होते. त्यामुळे नवशिक्याला आपण किती अंतरावरून घराकडे पाहतो आहोत हेच कळत नाही. कागदावर हे लपत नाही. एकास शंभर प्रमाणात नऊ इंची भिंत २.३ मिलिमीटरची होते, एकास पन्नासमध्ये ४.६ मिलिमीटरची. अडीच मिलिमीटरच्या आत प्लॅस्टर दाखवता येत नाही, ते तिथे दाखवायचेही नसते. एकास वीसच्या शीटवर मात्र चौकट भिंतीत कुठे बसते, उंबरा किती वर येतो, खिडकीखालच्या कडप्प्याला बाहेर उतार किती, हे सांगितलेच पाहिजे. कुठल्या कागदावर काय बोलायचे आणि काय गाळायचे हा विवेक पेन्सिलीने शिकवला. पडद्यावर शिकलेल्यांच्या शीटमध्ये पुष्कळदा एकास शंभरच्या प्लॅनवर टाइल्सच्या जाळ्या गच्च भरलेल्या असतात आणि जिथे टाइल्सचा तपशील हवा तिथे शीटच नसते.

दुसरा मुद्दा नकलेचा. संगणकात जुन्या फाइलमधला जिना उचलून नव्या फाइलमध्ये ठेवायला काही सेकंद लागतात. जिना हीच घराच्या नकाशातली सर्वांत अवघड जागा आहे, म्हणून तीच सर्वांत जास्त उचलली जाते.

हे जरा उलगडून सांगायला हवे. फरशीपासून फरशीपर्यंत तीन मीटर उंची असलेले साधे दुमजली घर घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातल्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि पाय ठेवायची रुंदी कमीत कमी २५० मिलिमीटर. तीन मीटरला अठरा उंच्या केल्या तर प्रत्येक सुमारे १६७ मिलिमीटरची येते, चढायला बरी. दोन टप्प्यांत नऊ-नऊ. नऊ उंच्यांना पाय ठेवायच्या जागा आठ, म्हणजे एका टप्प्याची लांबी दोन मीटर. दोन्हीकडे ९०० मिलिमीटरची लँडिंग धरली तर आतून ३.८ मीटर लांबीची जागा हवी. इथपर्यंत प्लॅनवर सगळे छान दिसते. मग बाहेरून यायला दार कुठे द्यायचे म्हणून विद्यार्थी ते मधल्या लँडिंगच्या खाली देतो. प्लॅनवर तिथे मोकळी भिंत आहे, रस्ताही त्याच बाजूला आहे, दार अगदी शोभून दिसते. पण मधले लँडिंग दीड मीटरवर आहे. त्यातून स्लॅबची आणि फरशीची जाडी वजा केली की खाली उरतात सुमारे १.३५ मीटर. कमरेत वाकल्याशिवाय त्या दारातून आत येता येणार नाही. जोते दीड फूट उंच घेऊन दार त्याच्या खालच्या पातळीवर आणले तरी १.८ मीटरच मिळतात, आणि त्यातही बीम खाली उतरला तर कपाळमोक्ष ठरलेला.

ही चूक प्लॅनमध्ये दिसतच नाही. ती फक्त सेक्शनमध्ये दिसते. आणि इथेच हात की संगणक हा वाद मला अपुरा वाटू लागतो. ज्याने सेक्शन काढला, त्याने तो पेन्सिलीने काढला असो वा माउसने, त्याला चूक सापडली. ज्याने काढला नाही त्याला कशानेही सापडली नाही. रेव्हिटमध्ये सेक्शन एका क्लिकवर मिळतो हे खरे, पण तो कुठून कापायचा हे माणसाला सुचावे लागते. जिन्यातून, संडासातून, जोत्याच्या पातळ्या बदलतात तिथून. सोयीच्या मोकळ्या हॉलमधून कापलेला सेक्शन दिसायला नीटनेटका असतो, सांगत मात्र काहीच नाही.

आपल्याकडे घर शिकवताना आणि बांधतानाही प्लॅनला अवास्तव महत्त्व आहे. त्यामागे एक व्यवहार आहे. नकाशा म्हटले की बहुतेकांच्या मनात येतो तो मंजुरीचा नकाशा. त्याचे काम सरकारला सांगणे: प्लॉट एवढा, समोर एवढे अंतर सोडले, बांधकाम एवढे, नवे काम लाल रंगात, पाडायचे पिवळ्यात. त्याच्यावर सही-शिक्का झाला की काम संपले असे मालकाला वाटते, आणि लहान गावांत तो नकाशा काढणाऱ्यालाही त्याचेच पैसे मिळतात. प्रत्यक्ष बांधणाऱ्याला जे हवे ते वर्किंग ड्रॉइंग: सेंटर लाइन, पायाच्या पातळ्या, लिंटेलची उंची, दारे-खिडक्यांचे तक्ते, बाथरूमचा उतार, विजेचे पॉइंट, पाण्याच्या टाकीचा भार कुठल्या कॉलमवर. हे कागद पुष्कळ घरांना कधी मिळतच नाहीत. आरसीसीची डिझाइन करून घेतलेली एखादी शीट आणि मंजुरीचा नकाशा एवढ्यावर काम चालते, बाकीचे निर्णय मिस्त्री जागेवर घेतो. तो अनुभवी असला तर घर तरते. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपात मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि डोक्यावरची जड धाबी हजारो माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर लिंटेलच्या पातळीवर सलग पट्टा हवा, कोपरे बांधून घ्यायला हवेत, हे पुनर्बांधणीतून घरोघर पोचले. तो पट्टाही प्लॅनवर दिसत नाही. तो कुठून कुठे सलग जातो हे सेक्शनवर आणि तपशिलाच्या शीटवरच लिहावे लागते.

मग अभ्यासक्रमात वर्किंग ड्रॉइंग नसते का? असते. आयटीआयच्या आणि पदविकेच्या अभ्यासक्रमात आहे, बी. आर्क.लाही आहे. पण ते बहुतेक वेळा वर्गात बसून, पाठ्यपुस्तकातल्या घराचे काढले जाते. त्या घराला प्लॉट नाही, शेजारी नाही, मालक नाही आणि ते कधी बांधले जाणार नाही. ज्या कागदावरून कुणीच काम करणार नाही त्यात काय राहून गेले ते कळणार कसे?

माझे मत असे की खरी निवड तिथे करायची आहे: नकाशा शिकवताना बांधलेले आणि बांधले जाणारे घर विद्यार्थ्यासमोर ठेवायचे की नाही. हाताची पेन्सिल आणि संगणक दोन्ही त्यानंतर येतात.

सुरुवात मोजण्यापासून व्हावी. विद्यार्थी स्वतः राहतो ते घर, चाळीतली खोली असो की दोन खणी कौलारू घर, टेपने मोजून कागदावर उतरवायचे. यात पहिल्याच दिवशी जे कळते ते दुसरीकडे महिनाभरात कळत नाही. खोली काटकोनात नाही हे कळते, कारण कर्ण मोजले तर सारखे येत नाहीत. दहा फुटांची म्हणून बांधलेली खोली प्लॅस्टरनंतर नऊ फूट अकरा इंचांची झाली आहे, आणि चार फुटांची मोरी टाइल्स लागल्यावर पावणेचार फुटांवर आली आहे हे कळते. ओटी, सोपा, माजघर, पडवी यांच्या पातळ्या वेगवेगळ्या का आहेत, पागोळ्या जिथे पडतात तिथे जोते किती आत आहे, हे कोकणातल्या किंवा मावळातल्या एका घराला मोजले की समजते. जांभ्याच्या चिऱ्याच्या आकारावर भिंतीची जाडी ठरते, पुस्तकातल्या नऊ इंचांवर ठरत नाही, हेही तिथेच दिसते. मोजमापाच्या या कामाला मात्र हातच हवा. टेप धरून उभे असताना कच्चे रेखाटन पेन्सिलीनेच होते. आपल्या शाळांतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा देणारी मुले भूमिती आणि अक्षरलेखन आधीच करून आलेली असतात. त्यांना हे अवघड नाही.

दुसरा टप्पा घर मापात बसवण्याचा. त्यासाठी मी मोठा बंगला देणार नाही. घरकुल योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे घर किमान धरले आहे. खेड्यापाड्यांत हा आकडा सर्वांना तोंडपाठ आहे. पाच माणसांचे कुटुंब, दोन शेळ्या, पावसाळ्यात आत ठेवायचे सरपण आणि वर्षाचे धान्य एवढे धरून २६९ चौरस फुटांत घर मांडायला सांगावे. एवढ्या जागेत अर्ध्या फुटाची चूक लपत नाही. इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर, म्हणजे जेमतेम आठ फूट. साडेसहा फुटांचा पलंग आडवा ठेवला की उरतो दीड फूट. त्यात कपाटाचे दार उघडेल का, रात्री उठलेले मूल कुठून जाईल, हे काढून बघावेच लागते. आणि हे घर उद्या वाढणार हेही धरावे लागते. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घरांच्या भिंती एकमेकांना लागू दिल्या नाहीत, त्यामागे हाच विचार होता: शेजाऱ्याला न विचारता प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया वर सोडलेल्या आणि जिन्याला मात्र जागाच ठेवलेली नाही, अशी घरे आपल्या प्रत्येक रस्त्यावर आहेत. सळया सोडायचे मिस्त्रीला सुचले. जिन्याची जागा धरणे नकाशावाल्याचे काम होते.

याच टप्प्यावर मीटर आणि फूट दोन्ही भाषा यायला हव्यात. मंजुरीचा कागद मीटरमध्ये, जमीन गुंठ्यात, गवंड्याचा टेप फूट-इंचात, सळई मिलिमीटरमध्ये, खडी-वाळू ब्रासमध्ये. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौरस मीटरमध्ये शंभराहून थोडा जास्त. ३.०५ मीटर लिहिले की गवंडी दहा फूट धरतो आणि ते ठीक आहे, पण माप असे नेमक्या फुटांत बसत नसले की तो जवळचा सोयीचा आकडा धरेल आणि सेंटर लाइन हुकेल. शीटवर दोन्ही मापे लिहावीत की एकच, यावर ऑफिसांत मतभेद आहेत. दोन्ही लिहिली की गोंधळाची शक्यता वाढते हा आक्षेप मला मान्य आहे. तरी लहान घरांच्या कामात मी फूट-इंचाच्या बाजूने कौल देईन, कारण कागद वाचणाऱ्याच्या हातातला टेप तसा आहे.

तिसरा टप्पा साइट. इथे आक्षेप खरे आहेत आणि ते टाळून चालणार नाही. कंत्राटदाराला पंधरा विद्यार्थी साइटवर नको असतात. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हे स्पष्ट नसते. मुलींसाठी बहुतेक साइटवर स्वच्छतागृह नसते आणि पालक धास्तावतात. ज्या आयटीआयमध्ये शिक्षकच कमी आहेत तिथे वर्ग बाहेर न्यायचा कुणी? शिवाय एक तात्त्विक आक्षेपही आहे. लॉरी बेकर गवंड्यांबरोबर साइटवर उभे राहून निर्णय घेत, हे आपण कौतुकाने सांगतो. पण नकाशाचे प्रयोजनच हे, की काढणारा तिथे नसताना काम नीट व्हावे. साइटवर तोंडी निस्तरण्याची सवय लागली तर कागद ढिसाळ राहतील. हा मुद्दा मला सर्वांत विचार करायला लावतो. यावर तोडगा असा, की साइटवर जायचे ते सूचना द्यायला नको, आपला कागद वाचला कसा जातो ते पाहायला जायचे. फक्कीने आखणी चालू असताना, गुण्या लावून कोपरा काढला जातो तेव्हा आणि सेंट्रिंग भरण्याच्या आदल्या दिवशी, अशा मोजक्या वेळा ठरवून गेले तरी पुरे. गवंड्याने कुठे थांबून ‘हे काय लिहिलंय?’ विचारले, ते टिपून घ्यायचे. नंतर ती शीट सुधारायची. दोन-तीन जणांच्या गटाने, गावातल्याच एखाद्या चालू कामावर हे होऊ शकते. त्याला मोठी यंत्रणा लागत नाही, वेळापत्रकात जागा मात्र लागते.

एक प्रश्न कायद्याचा आहे आणि तो या शिक्षणाला थेट भिडतो. आर्किटेक्ट्स अॅक्ट १९७२चा. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदणी नसलेल्याला आर्किटेक्ट ही उपाधी लावता येत नाही, पण वास्तुरचनेचे काम करण्यावर त्या कायद्याने बंदी घातलेली नाही. वास्तुविशारदांना हे रुचले नाही आणि त्यांची काळजी समजण्यासारखी आहे: पाच वर्षे शिकलेल्याने आणि सहा आठवड्यांचा क्लास केलेल्याने एकच काम करावे का? दुसरीकडे, हजार-दीड हजार चौरस फुटांच्या घरासाठी तालुक्याच्या गावात वास्तुविशारद क्वचितच नेमला जातो. ते काम परवानाधारक इंजिनिअर, सुपरवायझर आणि त्यांच्या हाताखालचा ड्राफ्ट्समनच करतो. डिसेंबर २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानगीची प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. त्यामुळे लहान घराच्या कागदावर सरकारी डोळा कमी वेळ राहणार आणि तो काढणाऱ्यावरची जबाबदारी वाढणार. घरे ज्यांच्या हातून प्रत्यक्षात उतरतात त्यांना वगळून दर्जा राखता येणार नाही, त्यांना नीट शिकवूनच तो राखता येईल. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयातले वास्तुकलेचे शिक्षणही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्राफ्ट्समनच्या वर्गातूनच उगवले. दोन्ही पेशांतली आजची दरी मुळातून आलेली नाही.

इंटरनेटवर ‘पूर्वाभिमुख तीस बाय चाळीस’ असे शोधले की शेकडो प्लॅन पुढे येतात, आणि आता वर्णन दिले की मिनिटात प्लॅन काढून देणारी साधनेही आली आहेत. त्यांचा उपयोग सुरुवातीच्या विचारासाठी जरूर करावा. मात्र त्या प्लॅनमध्ये तुमच्या प्लॉटचा उतार नाही, शेजारच्याची खिडकी नाही आणि पालिकेची सांडपाण्याची वाहिनी रस्त्याच्या कुठल्या बाजूने जाते हेही नाही. वास्तुशास्त्राबद्दलही एवढेच: आग्नेयेला स्वयंपाकघर हवे म्हणणारा मालक आपली श्रद्धा सांगत असतो, आणि ती अट पाळून उजेड, वारा, नळाची वाट सांभाळून दाखवणे हे शिकणाऱ्याचे काम आहे. हुज्जत घालणे नव्हे.

तर क्रम कसा असावा? मोजमाप आणि सेक्शन पेन्सिलीने, पहिल्या सत्रापुरते, आणि गुण सुबकतेला न देता मापाच्या खरेपणाला द्यावेत. मग लगेच ऑटोकॅड, लेअर आणि मंजुरीच्या फाइलसह, कारण पोट त्याच्यावर भरणार आहे. रेव्हिट शेवटच्या वर्षात, जिना आणि गिलावा कळल्यावर. बाजारातल्या अल्पमुदतीच्या क्लासना हा क्रम लादता येणार नाही. तिथे येणाऱ्याला वेळ नसतो आणि त्याचा त्यात दोष नाही. पण त्यांनीही एक सेक्शन आणि एक मोजलेले घर एवढे सक्तीचे केले तर तिथून बाहेर पडणारा विद्यार्थी अधिक कामाचा ठरेल, आणि नोकरी देणाऱ्यालाही त्याचे काम पहिल्या आठवड्यात दिसेल.

परीक्षेत मात्र खरा बदल हवा. आज दिलेल्या रेखाकृतीवरून प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन ठरलेल्या तासांत काढायचे आणि परीक्षकाने ते तपासायचे. त्याच्या जोडीला एक परीक्षा अशी असावी: विद्यार्थ्याने २६९ चौरस फुटांच्या घराचा संपूर्ण वर्किंग संच करायचा आणि तो एका अनुभवी गवंड्यापुढे ठेवायचा. विद्यार्थी बाहेर थांबेल. गवंडी पायापासून स्लॅबपर्यंत कागद वाचत जाईल आणि जिथे त्याला विचारावे लागेल तिथे तिथे खूण करील. जितक्या खुणा कमी, तितके गुण जास्त. यात अडचणी आहेत. गवंड्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल, आणि आजच्या परीक्षा मंडळांच्या हिशेबात गवंड्याला परीक्षक म्हणून मानधन देण्याचा रकाना नाही. तो रकाना घालायला काय लागेल, याचा विचार तंत्रशिक्षण मंडळाने आणि आयटीआय चालवणाऱ्या खात्याने करावा.